बीटचा चार्ज पायी चालून द्या, आणि पुढे शाळेतही : वनबल प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीट, म्हणजे जंगलाचा ठरवून दिलेला तुकडा, सांभाळणारा वनरक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी परिक्षेत्र कार्यालयात चार्जची यादी होते. लाकडावर ठसा मारायचा हातोडा, पी.ओ.आर.चे (वनगुन्ह्याच्या पहिल्या नोंदीचे) पुस्तक, बीटचा नकाशा, मोबाइल, टॉर्च, रोपवनाच्या नोंदवह्या. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, मग शाल-श्रीफळ आणि चहा. तासाभरात काम उरकते.

या यादीत काय येत नाही? कोणत्या नाल्याच्या वाळूत बिबट्याचे ठसे सर्वांत आधी उमटतात. हद्दीची खूण असलेला कोणता बुरूज नांगराच्या एकेका सरीने जंगलाच्या आत सरकला आहे. कोणत्या मोहाखाली दर मार्चमध्ये पाला पेटवला जातो. कोणता पाणवठा नकाशात बारमाही आणि प्रत्यक्षात एप्रिलमध्ये कोरडा असतो. टोल्यावरचा (वाडीवरचा) कोणता गुराखी धूर दिसला की निरोप धाडतो. ही जंगम मालमत्ता नाही, म्हणून तिची सहीही होत नाही. नोकरीभरात बदल्या होत होत एका वनरक्षकाच्या पायाखालून साधारण सहा-सात बीट जातात. म्हणजे वनविभाग दरवर्षी शेकडो बीटांची ही माहिती शाल पांघरून घरी पाठवतो.

आमची मागणी दोन भागांची आहे, पण काम एकच आहे. पहिला भाग : बीटचा चार्ज कागदावर देण्याआधी पायी चालून द्यावा. दुसरा : निवृत्त होणाऱ्या वनरक्षकाला आणि वनपालाला, त्यांची तयारी असेल तर, त्याच भागातल्या शाळांच्या मुलांना जंगलात नेण्याचे काम मानधनावर, लेखी आदेशाने द्यावे.

आधी चार्जचे. निवृत्तीची तारीख कित्येक वर्षे आधीपासून माहीत असते, बदलीसारखी ती अचानक येत नाही. म्हणून शेवटच्या वर्षात नव्या माणसाला जुन्याबरोबर किमान तीनदा पूर्ण बीट चालायला लावणे अवघड नाही. एकदा जुलैमध्ये, एकदा नोव्हेंबरच्या शेवटी, एकदा मार्चमध्ये. एकाच ऋतूत तीनदा चालून उपयोग नाही. जुलैमध्ये नाले कुठून ओलांडता येतात आणि कुठे नाही ते कळते, शिवाय रोपवनात गुरे कोणत्या वाटेने शिरतात तेही. नोव्हेंबरमध्ये गवत बसू लागते, तेव्हा बुरूज दिसतात. बुरूज नुसता शोधून भागत नाही. एका बुरुजावर उभे राहून पुढच्याची दिशा आणि अंतर नकाशाशी ताडायचे. बुरूज शाबूत आहे म्हणजे हद्द शाबूत आहे असे नव्हे, कारण उचलून पाच मीटर आत मांडलेला बुरूजही शाबूतच दिसतो.

थुटांचेही, म्हणजे तोडलेल्या झाडांच्या उरलेल्या बुंध्यांचेही, तसेच. चार्ज घेतल्यावर महिन्याभराने तपासणी झाली आणि थुटे निघाली, तर ती कुणाच्या काळातली यावरून दोघांत वाद होतो. पायी चार्ज देताना प्रत्येक कक्षातल्या थुटांचा घेर, ताजेपणा आणि हातोड्याचा ठसा आहे की नाही याची नोंद दोघांच्या सहीने झाली, तर हा वाद उरत नाही. हे इतके साधे आहे की कुणाला सुचले नसेल असे नाही. वेळ दिला जात नाही, एवढेच.

आता जाळरेषा, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. खात्याचे सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते आणि जुन्या माणसाचा सगळ्यांत जास्त उपयोगही इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरला जातो. जाळरेषा त्याआधी तयार हवी. कुठे ती १२ मीटर रुंद असते, कुठे ६. गवत अर्धे वाळले की दोन्ही कडांना पट्टा कापायचा, कापलेले गवत मध्यभागी ओढायचे, ते वाळू द्यायचे आणि मग जाळायचे. जाळण्याची वेळ दुपार टळल्यावरची, वारा पडल्यानंतरची. वारा ज्या बाजूला वाहतो ती कड आधी पेटवायची, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. उतारावर वरून सुरुवात करायची, कारण खालून लावलेली आग चढावर पळते. दोन्ही कडांना माणसे, हातात हिरव्या डहाळ्या, पाण्याचे डबे, ब्लोअर असेल तर तो. एवढे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवले जाते.

चुकते ते पुढे. निधी उशिरा येतो, मजूर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मिळतात, तोवर गवत कडकडीत वाळलेले आणि वारा सुटलेला. मग जाळरेषा जाळतानाच वणवा लागतो. दुसरी चूक संध्याकाळच्या घाईची. रेषा जळाली, ज्वाळा गेल्या, सगळे घरी गेले. पण वाळलेले शेण, पोकळ ओंडका, थुटाचे मूळ रात्रभर धुमसत राहते. दुसऱ्या दिवशी दहा-अकराला वारा सुटला की तिथूनच आग उठते. उतारावरचा जळता ओंडका गडगडत रेषेपलीकडे गेला, तर रुंदी १२ मीटर असली काय आणि २० असली काय. म्हणून जाळल्याच्या दुसऱ्या पहाटे, उजाडताच, पूर्ण रेषा चालायची. थंड हवेत धुराची बारीक रेघही दिसते, नऊनंतर दिसत नाही.

तिसरी चूक सर्वांत जास्त होते आणि कागदावर कधीच येत नाही. रेषा जानेवारीत जळाली, फोटो काढला, अहवाल गेला. पण साग, ऐन, धावडा यांची पानगळ तेव्हा संपलेली नसते. मार्चमध्ये त्याच रेषेवर घोट्याएवढा पाला असतो आणि आग त्यावरून आरामात पलीकडे जाते. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये रेषा पुन्हा झाडावी लागते, ब्लोअरने किंवा खराट्याने. कोणत्या उतारावर पाला आधी साचतो आणि वाऱ्याने कुठे आपोआप उडून जातो, हे त्या बीटवर चार उन्हाळे काढलेल्यालाच ठाऊक असते. सगळी रेषा झाडायला मजूर पुरत नाहीत, तेव्हा कोणते दोन किलोमीटर आधी झाडायचे, हे तोच सांगू शकतो.

उपग्रहाच्या सूचनांनी मोठा फरक पडला, हे मान्यच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. पण व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा आणि मोडिस या दुसऱ्या संवेदकाचा एक किलोमीटरचा असतो. डोंगराळ भागात एवढ्या अंतरात एक आख्खे खोरे चुकते. शिवाय व्हीआयआयआरएसचा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. तीनला लागून सहाला विझलेली आग त्याला दिसतच नाही, आणि तीनला लागून न विझलेली रात्री दिसते. मधल्या दहा तासांत जो धूर पाहतो तो गुराखी असतो, मोह वेचणारी बाई असते किंवा शाळेतून घरी जाणारे पोर असते. त्यातल्या कितीजणांना १९२६ हा 'हॅलो फॉरेस्ट'चा क्रमांक पाठ आहे, हे एखाद्या वर्गात विचारून पाहावे.

इथे आम्ही शाळेकडे वळतो.

वन्यजीव सप्ताह ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो. देशभराची तारीख आहे, ती बदला असे आम्ही म्हणत नाही. पण पूर्व विदर्भात तेव्हा गवत छातीएवढे असते, वाटा चिखलाच्या, पावसाची सर कधीही येते, ठसा धड उमटत नाही आणि दहा पावलांवरचे जनावर दिसत नाही. त्यामुळे सप्ताह सभागृहात होतो. चित्रकला, घोषवाक्ये, वाघाचा मुखवटा, पाहुण्यांचे भाषण. ज्या मुलांच्या घरामागे जंगल आहे, त्यांना 'जंगल वाचवा' असे फलकावर लिहायला लावून आपण नक्की काय शिकवतो?

ताडोबाच्या बफरमधल्या (गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या) मुलांना सफारीला नेणारा 'चला माझ्या ताडोबाला' हा उपक्रम किंवा शेजारच्या मध्य प्रदेश वनविभागाची 'अनुभूती' शिबिरे याच्या पुष्कळ पुढची आहेत. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. मुलांनी जिप्सीत बसून दुसऱ्याचे जंगल पाहण्याबरोबरच स्वतःच्या गावाच्या बीटवर पायी चालावे, आणि ज्याने ती बीट सांभाळली त्याच्याबरोबर चालावे. गाभा क्षेत्रात नव्हे. गावालगतच्या, परिक्षेत्र अधिकाऱ्याने ठरवून दिलेल्या ठरावीक वाटेवर.

काळ १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर. सहामाही परीक्षा झालेली असते, गवत बसलेले असते, आगीचा हंगाम अजून लागलेला नसतो. इयत्ता सातवी ते नववी. एका वेळी २० मुले, फार तर २४. पुढे निवृत्त वनरक्षक, मध्ये शिक्षक, शेवटी सध्याचा वनरक्षक किंवा वनमजूर; मुली असतील तर तिघांत एक स्त्री हवीच. प्रत्येक मुलाला क्रमांक द्यायचा आणि थांबा आला की मुलांनीच ओळीने क्रमांक म्हणायचे. शिक्षकाने डोकी मोजली तर हमखास चूक होते. अंतर दोन ते अडीच किलोमीटर, वेळ तीन तास. पाच किलोमीटर नेले तर मुले चालतात, पाहत काहीच नाहीत.

आदल्या दिवशी ती वाट चालून पाहायची, आणि खाली नव्हे तर वर बघत. शिबिरातला खरा धोका वाघ नाही, साप नाही, तर आग्या मोहोळ आहे. कड्याखाली, उंच झाडावर, जुन्या पुलाखाली पोळे असेल तर ती वाट रद्द. अत्तर आणि डिओ लावून आलेल्या मुलाला मागे ठेवायचे नाही, फक्त धुवायला लावायचे. शेकोटीचा धूर, आरडाओरडा आणि दगड यांनी पोळे उठते. उठलेच तर हात झटकत उभे राहायचे नाही. तोंड कापडाने झाकून जिथे मोहोळ आहे त्याच्या उलट दिशेला पळायचे, दाट झुडपातून किंवा सरळ बंद खोलीत. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर वाट पाहत घोंघावतात. हे मुलांना निघण्याआधी सांगायचे, पोळ्याखाली उभे राहून नव्हे. सापाचे प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात आहे, ते आदल्या दिवशी फोन करून विचारायचे आणि गाडी जागेवर उभी ठेवायची. बाकी प्रथमोपचाराचे शिक्षकांना बहुधा ठाऊक असते.

वाटेवर तीन थांबे पुरतात. पहिला नाल्याच्या वाळूत. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात नख दिसत नाही, कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात दिसते. मांजरकुळाच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन भाग असतात. एवढे दोन नियम पुरे. मग साचा घ्यायचा. पुठ्ठ्याची चार-पाच सेंटिमीटर उंच पट्टी ठशाभोवती गोल लावायची. एक पेला पाण्यात दोन पेले प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू सोडायचे. पाण्यात प्लास्टर, प्लास्टरमध्ये पाणी नव्हे, नाहीतर गुठळ्या होतात. बुडबुडे येऊ न देता ढवळायचे, ठशावर न ओतता कडेला ओतून आत वाहू द्यायचे. अर्धा तास हात लावायचा नाही. कोरड्या धुळीतला ठसा ओतताच मोडतो, त्यावर आधी पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा लागतो. मागच्या पावसाळ्यापासून उघड्या पिशवीत पडलेले प्लास्टर घट्ट होतच नाही आणि मग वीस मुले पांढऱ्या चिखलाकडे बघत बसतात. नवे आणावे, ते महाग नसते.

दुसरा थांबा मोजणीचा. व्याघ्रगणनेत लेंड्यांसाठी २ मीटर बाय २० मीटरचा पट्टा धरतात आणि जमिनीलगतच्या गवत-रोपट्यांसाठी १ मीटर त्रिज्येचे वर्तुळ. दोन्ही दोरीने आखता येतात. चार मुलांचा एक गट, एक पट्टा, एक वर्तुळ. चितळाच्या लेंड्या कोणत्या, सांबराच्या कोणत्या, आणि नीलगाय एकाच जागी ढीग का घालते यावर जे बोलणे होते ते कुठल्याही भाषणात होत नाही. विष्ठेला उघड्या हाताने हात लावू द्यायचा नाही. मुलांचे आकडे गणनेत धरायचे नाहीत, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगावे. बुद्धपौर्णिमेच्या मचाणावरच्या मोजणीला खात्याने 'निसर्गानुभव' हे खरे नाव दिले, तसाच प्रामाणिकपणा इथेही हवा.

तिसरा थांबा जाळरेषेवर. रेषा कशी कापली, का जाळली, पाला का झाडायचा. मग मोहाचे बोलायचे, कारण वर्गातल्या निम्म्या घरांत मोहफूल वेचले जाते आणि पाला जाळणारे कोण हे मुलांना चांगलेच माहीत असते. दोषी शोधायचा नाही. फुले पहाटे पडतात, पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून लोक पाला जाळतात. कारण खरे आहे. झाडाखालची जागा झाडून घेतली, जुन्या साड्या जोडून किंवा जाळी अंथरली, तर फूल स्वच्छ मिळते, माती लागत नाही आणि भावही बरा येतो. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आईला हे सांगणारे पोर पन्नास फलकांच्या बरोबरीचे असते.

रोपे लावण्याचा कार्यक्रम आम्ही मुद्दाम गाळला आहे. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेसारख्या वर्षांत खड्डे पुष्कळ खणून झाले आहेत. शाळेला रोप द्यायचेच असेल तर दहा द्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते आधी लिहून घ्या.

आता अवघड मुद्दा. गावातल्या मुलाच्या डोळ्यांत वनरक्षक म्हणजे बापाची कुऱ्हाड धरणारा, बैलगाडी जप्त करणारा माणूस. गणवेशातला माणूस शाळेत आला की गोंड-माडिया वस्तीतली मुले गप्प बसतात, ती लाजरी असतात म्हणून नव्हे. निवृत्त माणसाकडे खाकी नसते, पी.ओ.आर.चे पुस्तक नसते. त्याच्यासमोर मूल सांगू शकते की आमच्या बोडीवर (छोट्या तळ्यावर) परवा कुणी फास लावला होता. हा निवृत्त माणसाचा सगळ्यांत मोठा गुण आहे आणि कामावरचा कितीही चांगला वनरक्षक तो आणू शकत नाही. मात्र त्याने ते ऐकून लगेच मुलाचे नाव पुढे कळवले, तर कार्यक्रम त्याच दिवशी संपला असे समजावे. फास काढायला सांगायचे, नाव सांगायचे नाही. हा नियम आदेशातच लिहावा.

आणि ज्या गावाशी ज्याचे भांडण राहिले, तिथे त्याला पाठवू नये. शेजारच्या परिक्षेत्रात पाठवावे. प्रत्येक निवृत्त माणूस या कामाला योग्य असतोच असे नाही, हेही स्वच्छ सांगतो. ज्याला फक्त वाघाच्या आणि आपल्या धाडसाच्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्याला घरी राहू द्यावे. उरलेल्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरते : आधी विचारायचे, मग सांगायचे, मुलाला उत्तर माहीत असेल तर त्याचेच उत्तर धरून पुढे जायचे, २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि मोह यांवर ग्रामसभेचा हक्क काय आहे ते नीट सांगायचे. जंगल खात्याचे, हे तीस वर्षे तोंडी बसलेले वाक्य टाळायचे.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात चिन्ह सर्वेक्षणाला पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. व्याघ्रगणनेत एका बीटमध्ये मांसाहारी प्राण्यांच्या खुणांसाठी १५ किलोमीटर पायी फिरावे लागते. टीव्हीवर वाघांचा आकडा जाहीर होतो, तेव्हा या चालण्याचा उल्लेख नसतो. मुलांना तो सांगावा, नाट्य न करता. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले; ते मोजायला कोण चालले हे सातवीतल्या मुलाला कळायला हरकत नाही.

पैशाचे. व्याघ्र प्रकल्पांकडे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांचा निधी आहे, त्यातून बफरमधल्या शाळांचा खर्च भागावा. प्रादेशिक विभागांसाठी जिल्हा नियोजनातून तरतूद मागता येईल. एका शिबिराचा खर्च म्हणजे दोन मानधने, नाश्ता, प्लास्टर, दोऱ्या आणि एक गाडी. मानधन कुशल मजुराच्या दिवसाच्या दरापेक्षा कमी नसावे आणि ते त्याच महिन्यात द्यावे. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या मानधनावर दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही. अपघात विमा मुलांचा आणि मार्गदर्शकाचाही.

पहिल्या वर्षी सगळा महाराष्ट्र नको. एका विभागातली दोन परिक्षेत्रे घ्यावीत. येत्या वर्षभरात जिथे किमान तीन-चार वनरक्षक किंवा वनपाल निवृत्त होत आहेत अशी. निवृत्तीची यादी आपल्या आस्थापना शाखेत तयारच असते. ती यादी आणि तालुक्यातल्या शाळांची यादी शेजारी शेजारी ठेवून डिसेंबरचे वेळापत्रक ऑगस्टमध्ये काढावे, कारण शाळांचे नियोजन त्यानंतर बदलत नाही. चार्जच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवायचा आहे : 'बीट पायी फिरून दाखवली, तारखा'. त्याखाली दोन सह्यांची जागा.

आपले,
क्षेत्रीय कामातून निवृत्त झालेले काही वनकर्मचारी
व शाळांची जंगल शिबिरे घेणारे शिक्षक, पूर्व विदर्भ